पायथन की जर्मन? मेंदूच्या दृष्टीने दोन्ही ‘भाषा’ वेगळ्या

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक वाद ठरलेला असतो. अकरावीला दुसरी भाषा घ्यायची, की तिच्याऐवजी आयटी? महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयांत ही सोय अनेक वर्षांपासून आहे. ‘पुढे संगणकच लागणार, जर्मन-फ्रेंच शिकून काय करायचं?’ असा पालकांचा सवाल असतो. अमेरिकेतही हा वाद रंगला. २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या सिनेटने, शाळेत शिकलेले कोडिंग हे परकीय भाषेच्या बरोबरीचे मानावे, असे विधेयक मंजूर केले. त्याचा कायदा मात्र झाला नाही.

पायथन आणि जर्मन, दोन्हींना आपण ‘भाषा’च म्हणतो. दोन्हींना शब्द आहेत, व्याकरण आहे. पण मेंदू या दोघींना एकाच खात्यात टाकतो का?

मेंदूत काय दिसले?

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एव्हलिना फेडोरेंको यांच्या गटाने याचा शोध घेतला. प्रोग्रामिंग येणाऱ्या तरुणांना एमआरआय यंत्रात झोपवून कोडचे छोटे तुकडे वाचायला दिले आणि त्यांचे उत्तर काय येईल, हे ओळखायला सांगितले. वाक्य वाचताना किंवा ऐकताना मेंदूचा प्रामुख्याने डाव्या बाजूचा भाषेचा भाग जागा होतो. कोड वाचताना तो फारसा हलला नाही. त्याऐवजी दोन्ही बाजूंना पसरलेले एक जाळे कामाला लागले. कोडी सोडवताना, अवघड गणित करताना, एकाच वेळी अनेक गोष्टी ध्यानात ठेवताना हेच जाळे वापरले जाते. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनाही आढळले, की कोड समजून घेण्याचे काम तर्कशास्त्राच्या कामाशी जास्त जुळते.

याचे कारण रोजच्या व्यवहारात सापडते. ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे टॅक्स आणि ‘अभ्यास कर’ मधला ‘कर’ आणखी तिसराच. ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावतो. भाजीवाल्याला अर्धे वाक्य बोलले तरी त्याला कळते. संगणकाला हे जमत नाही. एक अपूर्णविराम राहिला, तर पायथनचा प्रोग्राम अडतो. पायथनमध्ये ठरावीक अर्थाचे राखीव शब्द ३५च्या आसपास आहेत, तर माणसाची भाषा येण्यासाठी हजारो शब्द लागतात आणि त्यांच्या छटाही.

भाषेची जाण कोडिंगला उपयोगी

म्हणजे भाषेचा आणि कोडिंगचा संबंधच नाही? तसेही नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी ३६ नवशिक्या प्रौढांना पायथन शिकवून पाहिले. कोण किती वेगाने शिकले, यातल्या फरकाचा सर्वांत मोठा वाटा तर्कशक्ती आणि कामचलाऊ स्मृतीचा होता. पण नवी भाषा शिकण्याच्या क्षमतेचा वाटाही सुमारे १७ टक्के निघाला, तर आकडेमोडीच्या कौशल्याचा अवघा २ टक्के. पाहणी लहान होती, तरीही ‘गणित कच्चे म्हणून कोडिंग जमणार नाही’ ही समजूत तपासून पाहायला हवी, एवढे त्यातून नक्की दिसते. तयार प्रोग्रामर कोड वाचतो ती गोष्ट वेगळी आणि नवखा माणूस नवे नियम आत्मसात करतो ती वेगळी.

आरोग्याचा हिशेब

परकीय भाषेच्या पारड्यात आणखी एक वजन आहे. स्वीडनच्या लष्करात दुभाषे होण्यासाठी अरबी, रशियन, दारी अशा भाषांचा कसून अभ्यास करणाऱ्या तरुणांच्या मेंदूची तपासणी झाली. तीन महिन्यांत त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या, स्मृतीशी निगडित भागाचा आकार वाढलेला दिसला. तेवढाच कसून पण इतर विषयांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांत ही वाढ दिसली नाही.

हैदराबादच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या गटाने डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यांना आढळले. कधीच शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. २०१३ मध्ये हे निष्कर्ष आले. सर्वच अभ्यासांत असे आढळलेले नाही आणि भाषा शिकली म्हणजे आजार टळतो, असाही याचा अर्थ नाही. शिवाय हा निष्कर्ष बोलल्या जाणाऱ्या भाषांचा आहे, कोडिंगला तो आपोआप लागू होत नाही.

मग निवड कशी करावी?

एकीला दुसरीची जागा देता येत नाही, हे ध्यानात ठेवून. कोडिंग मोठी अडचण लहान पायऱ्यांत फोडायला शिकवते. त्यातली एक भाषा नीट आली की दुसरी लवकर येते. परकीय भाषा कान, जीभ आणि समोरच्या माणसाचे मन ओळखायला शिकवते. तिला वेळही जास्त लागतो. इंग्रजी भाषकांना जपानीत कामापुरते प्रावीण्य मिळवायला वर्गातले सुमारे २,२०० तास लागतात, असा अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेचा अनुभव आहे. मराठी मुलांना त्यात थोडी सवलत आहे. जपानीतही क्रियापद शेवटी येते.

महाविद्यालयात आयटी घेतले, तर घरातली, शेजारची भाषा सोडू नये. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू सहज कानावर पडतात. ती बोलायला फी लागत नाही आणि प्रवेशाची यादीही लागत नाही. भाषा घेतली असेल, तर सुट्टीत आठवड्याचे तीन-चार तास पायथनला देता येतात. गुणपत्रिकेवर एकच विषय येईल, मेंदूत मात्र दोघींना जागा आहे.