लव्हाळेही वाहून जातात

तुकोबांचे लव्हाळे मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. पुरापुढे जे वाकते ते टिकते, हे मुले परीक्षेत न चुकता लिहितात. त्यामुळे अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्याची हकीकत वाचली, तेव्हा मी जरा गडबडलोच. तेथील गवतही वाकणारेच होते. पण ते गेले!

हे गवत उथळ समुद्राच्या तळाशी वाढते. शास्त्रीय नाव झोस्टेरा मरिना. पाने फितीसारखी, फुलणेफळणे सारे पाण्याखालीच. १९३० नंतर त्याला रोगाने पोखरले आणि ऑगस्ट १९३३ च्या चक्रीवादळाने उरलेसुरले उपटून नेले. त्याच्या आसऱ्याने वाढणारे स्कॅलॉप नावाचे शिंपले संपले, त्यांवर पोट भरणाऱ्यांचा धंदा बसला. पुढे साठ वर्षांहून अधिक काळ त्या खाड्यांचा तळ उघडाच राहिला.

असे का व्हावे? हे गवत दोन रीतींनी पसरते. केळीला मुनवे फुटावेत तसे आडव्या खोडातून कोंब फुटतात. पण ती सारी एकाच रोपाची नक्कल. फिनलंडजवळ असे एकच रोप हजाराहून अधिक वर्षे पसरत आले असावे, असा अंदाज आहे. दुसरी रीत बियांची. तीत प्रत्येक रोपाचा गुण निराळा. (अभंगातही लव्हाळ्यांचे क्रियापद अनेकवचनी आहे, हे एका विद्यार्थिनीने माझ्या नजरेस आणले.) बेताचे वादळ हिरवळीत खिंडारे पाडते, तेथे नव्या बियांना जागा मिळते आणि वाणांची विविधता वाढते. वादळाला सरसकट शिव्या देण्यात अर्थ नाही, तो एवढ्यासाठी. मात्र १९३३ मध्ये सारेच गेले. या गवताचे बी मातीत फार दिवस टिकत नाही; वर्षभरात रुजते, नाहीतर कुजते.

अखेर माणसांनीच बी नेले. रॉबर्ट ऑर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या चेसापीक उपसागरातले बी गोळा करून, १९९९ पासून दोन दशकांत सुमारे ७ कोटी ४५ लाख बिया २१३ हेक्टरांत पेरल्या. २०१८ पर्यंत गवत ३,६१२ हेक्टरांवर पसरले होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या वाफ्यांत आनुवंशिक विविधता अधिक, ते अधिक काळ जगले आणि लवकर दाटले, असे दिसले. आता त्या गवतात स्कॅलॉपही पुन्हा सोडले आहेत.