झाड वाढले की मचाण वर जाईल का?

मुलांसोबत झाडावर मचाण बांधायचे, तिथे बसून पाखरे, किडे, मोहोर पाहायचा, असे चौलच्या एका वाडीत ठरले आणि पहिला वाद झाला तो झाडावरून. चौल-रेवदंडा-नागाव पट्ट्यात वाडी म्हणजे नारळ आणि पोफळी. चौकोनात उभे असलेले चार माड म्हणजे आयते खांबच, असे मुलांचे म्हणणे. आम्ही त्यांना एका जुन्या माडापाशी नेले. चढण्यासाठी कधीकाळी पाडलेल्या खाचा त्यावर जशाच्या तशा होत्या. शेजारच्या आंब्याची फांदी छाटलेली जागा मात्र कडेने गोल भरत आली होती. असे का?

आंबा, फणस, चिंच यांच्या सालीच्या लगेच आत पेशींचा एक पातळ थर असतो. त्याला कँबियम म्हणतात. तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या तयार करत राहतो. म्हणून खोड जाड होत जाते आणि जखम भरते. माड, पोफळ हे एकदल वृक्ष, म्हणजे गवताचे नातेवाईक. त्यांना हा थर नसतोच. माडाला ठोकलेल्या खिळ्याची जखम माड जगेल तोवर राहते. शिवाय सोंड्या भुंग्याला अंडी घालायला अशी जागा आवडते. माड बाद झाला. शेवगा, पांगारा, जांभूळ यांच्या फांद्या ठिसूळ, तेही बाद. राहिला आंबा.

मग एका मुलीने विचारले, “झाड वाढले की आपले मचाण वर जाईल का?” हा प्रश्न वर्गात जरूर विचारा, आणि उत्तर सांगण्यापूर्वी हात वर करायला लावा. बहुतेक जण ‘जाईल’ म्हणतात. प्रत्यक्षात झाडाची उंची वाढते ती फक्त शेंड्यांशी. खोडावर दोन मीटरवर केलेली रंगाची खूण दहा वर्षांनीही दोन मीटरवरच सापडेल. खोडाचा परीघ तेवढा वाढलेला असेल.

इथेच खरा धोका आहे. खोडाला तार आवळून बांधली तर खोड फुगते, तार फुगत नाही. ती सालीत रुतते आणि पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या चिमटल्या जातात. तारेच्या वर खोडाला गाठ येते, खाली मुळे उपाशी राहतात. झाड लगेच मरत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कुंपणाची तार बांधलेली झाडे तुमच्या गावातही असतील. मुलांना ती शोधायला सांगा.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि रायगडातल्या वाड्यांमधली असंख्य झाडे आडवी झाली. त्यातून उरलेला आंबा आपल्या हौसेपायी जायला नको. म्हणून मचाणाचा भार झाडावर न टाकता चार जाड बांबूंवर घेतला. बांबू जमिनीत पुरले. वाऱ्याने झाड हलते, तेव्हा माच आणि फांदी यांच्यात वीतभर मोकळी जागा ठेवली. एका खांबाला तेवढा खोडाचा सैल आधार दिला, तोही तारेने नाही, गोणपाटावरून सुंभाने. उंची दोन मीटर, चारही बाजूंना कठडा.

भाराचा हिशेब मुलांनीच केला. एका वेळी चार जण, प्रत्येकी 35 किलो धरले तर 140 किलो. पण मुले स्थिर बसत नाहीत, म्हणून दुपटीहून जास्त, 300 किलो मातीची पोती वजन करून माचावर रात्रभर ठेवली. शिक्षक खाली उभे असल्याशिवाय वर चढायचे नाही, हा नियम.

आता वरून काय दिसते? जानेवारीत मोहोर डोळ्यांसमोर येतो. आंब्याचे परागीभवन बरेचसे माश्या करतात, हे पुस्तकात वाचलेले मुले इथे मोजून पाहतात: दहा मिनिटांत एका तुऱ्यावर माश्या किती, मधमाश्या किती. तांबड्या मुंग्यांचे पानांचे घरटे हाताच्या अंतरावर असते. (हात लावू नये, कडकडून चावतात!) मोठ्या मुंग्या पानांच्या कडा जुळवून धरतात आणि शिवायचा रेशमी धागा येतो तो त्यांच्या अळ्यांच्या तोंडातून. कठड्याला बांधलेली कापडाची पट्टी सकाळी समुद्राकडे फडफडते, दुपारपर्यंत गावाकडे वळते. मतलई वारा संपून खारा वारा सुरू झाला ती वेळ रोज लिहून ठेवावी.

सुगरणीचे काम पावसाळ्यातले. तेव्हा मचाण नसते, ते जमिनीवरूनच पाहावे. चौलच्या उत्तरेला याच किनाऱ्यावर, किहीमला, 1930 साली सलीम अलींनी सुगरणींच्या वसाहतीचे असेच चिकाटीने निरीक्षण केले. तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. नाव सुगरण, पण विणतो नर! तो घरटे अर्धवट विणून थांबतो, माद्या येऊन पारखतात, एखादीने पसंत केले की तो ते पुरे करून दुसरे विणायला घेतो. हा निष्कर्ष 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

मेअखेरीस, पावसाआधी, मचाण उतरवावे. सुंभ सोडून त्याखालची साल तपासावी, खुणेची उंची आणि खोडाचा परीघ मोजून वहीत लिहावा. डिसेंबरात पुन्हा बांधताना हीच दोन मापे परत घ्यायची.