सायकलची चेन बदलताय? आधी मोजा!

"मावशी, चेन तर कालच नवी घातली होती ना?"

रस्त्याच्या कडेला बसून गुडघ्यावरची माती झटकत माझा सोळा वर्षांचा भाचा विचारत होता आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तो दिवस संक्रांतीचा, १४ जानेवारीचा. १७६१ साली याच तारखेला पानिपतचे तिसरे युद्ध झाले. दरवर्षी या दिवशी महाराष्ट्रातून माणसे काला अंबला येतात, तेव्हा आपण दिल्लीत राहून एकदाही जाऊ नये, ही खंत होतीच. म्हणून आम्ही सातजणांनी सायकलने जायचे ठरवले. दिल्ली ते पानिपत सुमारे नव्वद किलोमीटर, तिथून काला अंब आणखी सातआठ. परतीला सायकली टेम्पोत टाकायच्या. धुके विरल्यावरच निघालो. मुरथलला पराठे झाले. समालखा जवळ आले तसा एका उड्डाणपुलाचा चढ लागला. भाचा पेडलवर उभा राहिला, जोर दिला, आणि खाडकन आवाज झाला. चेन दात्यांवरून सटकली, पेडल मोकळे फिरले, पाय खाली गेला आणि सायकलसकट तो डाव्या बाजूला कोसळला. मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोने वेळेवर ब्रेक लावला. हेल्मेट होते, हातमोजे होते. गुडघा सोलवटला, एवढ्यावर निभावले. तो उजवीकडे पडला असता तर, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही.

सायकल सेकंडहँड घेतलेली, रेसिंग हँडलची, मागे आठ चक्रांची. दोन वर्षे तो तिच्यावरून रोज क्लासला जात होता. उद्या लांब जायचे म्हणून आदल्या संध्याकाळी घराजवळच्या दुकानात मीच चेन बदलून घेतली होती. दुकानदाराने जुनी काढली, नवी चढवली, पैसे घेतले. जुनी चेन तिथेच भंगारात पडली. मागची चक्रे त्याने पाहिली नाहीत आणि ती पाहायला सांगावे, हे मला ठाऊक नव्हते.

समालख्याला एका झाडाखाली मफलर गुंडाळलेले एक वयस्क मिस्त्री बसले होते. त्यांनी सायकल उलटी केली, चक्रांवरचे काळे तेल बोटाने पुसले आणि मला जवळ बोलावले. "पुरानी चेन ने दाँत खा लिए, बहनजी." मधल्या दोन चक्रांचे दाते खरोखरच विळ्यासारखे एका बाजूला वाकलेले, टोकदार झालेले दिसत होते. भाचा कायम त्याच दोन गिअरवर चालवायचा. त्यांच्याजवळ तसली चक्रे नव्हती, पण उपाय होता. मोठी दोन चक्रे फारशी वापरलेलीच नव्हती, त्यांचे दाते शाबूत होते. "बस, इन्हीं पर चलाओ, और खड़े मत होना." उरलेला रस्ता भाच्याने तसाच, पाय भराभर मारत आणि सीटवरून न उठता पार केला. चेन पुन्हा एकदाही सटकली नाही.

चेन ताणली जाते म्हणजे काय?

घरी आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागले. पहिली गोष्ट कळली ती ही, की चेन "ताणली" असे आपण म्हणतो, पण लोखंडाच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते. कडी वळली की पिनेचे लोखंड आतून घासते. तेलात रस्त्याची धूळ मिसळली की सहाणेवर उगाळल्यासारखे घासते. प्रत्येक सांध्यात केसाएवढी झीज झाली, तरी शंभरावर सांध्यांची मिळून चेन लांब होते.

सायकलच्या चेनमध्ये दोन पिनांतले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये रोलर असलेली चेन तयार केली. आज आपल्या साध्या काळ्या सायकलची आणि लाखभर रुपयांच्या रेसिंग सायकलची चेन त्याच जातीची आहे आणि अर्ध्या इंचाचे माप दोन्हींना सारखेच. चक्राचे दातेही त्याच मापाने कापलेले असतात. चेन लांबली की ती दात्यांच्या तळाशी न बसता वर सरकते आणि दात्यांना आपल्या मापाचे करून घेते. मग ती झिजलेली जोडी एकमेकींशी जमवून घेत मुकाट चालत राहते. त्यात नवी, बिनझिजलेली चेन आणून घातली की तिचे माप त्या दात्यांशी जुळत नाही, आणि जोर पडताच ती उडी मारते. आम्ही जुनीच चेन ठेवली असती, तर त्या दिवशी भाचा बहुधा पडला नसता!

म्हणून चेन बदलायची ती चक्रे खाण्याच्या आत. वेळेवर बदलल्या, तर मागच्या चक्रांच्या एका संचावर दोनतीन चेन आरामात निघतात. आणि त्या संचाला बहुतेक वेळा चेनपेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतात, हे वेगळे सांगायला नको.

पट्टी पुरते

किती किलोमीटरने बदलावी, याला ठाम उत्तर नाही. कोणी तीन हजार म्हणतो, कोणी पाच. धूळ, पाऊस, चालवणाऱ्याचे वजन आणि तेलपाणी यांवर ते ठरते. त्यापेक्षा मोजावे. मुलांच्या कंपासपेटीतली इंचांची पट्टी चालेल, पण स्टीलची १२ इंची असेल तर उत्तम. पेडल दाबून चेन ताठ करा. एका पिनेच्या बरोबर मध्यावर शून्य धरा आणि तिथून चोवीस कड्या मोजा. नव्या चेनची चोविसावी पिन नेमकी १२ इंचांच्या रेघेवर येते. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल, तर झीज अर्धा टक्का झाली. मागे अकरा किंवा बारा चक्रे असतील, तर चेन तेव्हाच बदलावी. आठ ते दहा चक्रांना पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येते. पिन एक अष्टमांश इंच पुढे गेली, तर झीज एक टक्का झाली, आणि मग चक्रांचे दातेही गेले असे धरूनच दुकानात जावे. झीज मोजायचे छोटे हत्यारही मिळते. ते कड्यांत अडकवले की टक्के सांगते. पण ते नाही म्हणून अडून राहू नये.

नवी चेन घेताना

दुकानात "एकवीस गिअरची सायकल आहे" असे सांगून उपयोग नाही. पुढची तीन गुणिले मागची सात, म्हणजे ते एकवीस. चेन ठरते ती मागच्या चक्रांच्या संख्येवरून. चक्रे वाढली की ती जवळजवळ येतात आणि चेन अरुंद लागते. आठ चक्रांची चेन बाहेरून सात मिलिमीटरच्या थोडी वर असते, दहाची सहाच्या आत, अकराची साडेपाच. सहा, सात आणि आठ चक्रांना एकच चेन चालते. गिअर नसलेल्या सायकलची मात्र रुंद असते, ती गिअरवाल्या सायकलला घालू नये. शिमानोच्या चक्रांवर केएमसीची चेन बिनघोर चालते, तेव्हा अमुकच कंपनी हवी असा हट्ट नको. अपवाद बारा चक्रांच्या सायकलींचा. तिथे चक्रांवर जे नाव आहे, त्यांनीच सांगितलेली चेन घ्यावी. स्रॅमची वरून सपाट असलेली चेन तर दुसऱ्या कोणाच्या चक्रांवर चालतच नाही. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर निकेलचा मुलामा असलेली घ्या, गंज उशिरा धरतो. हौशी लोक वजन कमी करण्यासाठी भोके पाडलेल्या चेन घेतात. शाळा-क्लासच्या सायकलीला ती चैन कशाला?

नवी चेन जुनीच्या शेजारी टांगून तेवढ्यावर कापू नका. जुनी लांबलेली असते. कड्या मोजून तेवढ्याच ठेवा. जुनी हाताशी नसेल, तर चेन पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून, गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत न ओवता, नुसती गुंडाळा. जिथे टोके जुळतात, त्यापुढे दोन कड्या सोडून कापा.

जोडणी ही सर्वांत नाजूक बाब. जुने कारागीर खिळा-हातोडीने पिन अर्धी बाहेर काढून तीच परत ठोकतात. जाड चेनला ते खपत होते. अरुंद चेनमध्ये तीच कडी पुढे जोर पडला की निसटते. हल्ली चेनबरोबर हाताने जोडायची कडी मिळते. ती अडकवून मागचा ब्रेक दाबायचा आणि पेडलवर जोर द्यायचा, की टक् असा आवाज होऊन ती बसते. दहा आणि त्याहून जास्त चक्रांच्या बऱ्याच चेनची ही कडी एकदाच वापरायची असते, हे पाकिटावर वाचून घ्यावे. आणि काहीही झाले, तरी लांबच्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी चेन बदलू नका. आठवडाभर आधी बदला, गल्लीत चालवा, एखाद्या चढावर जोर देऊन पाहा.

तेल थोडे, फडके जास्त

नव्या चेनला कारखान्यातून आलेले ग्रीस असते, ते धुऊन टाकू नये. वरचा चिकटपणा तेवढा पुसावा. पुढे दर आठवड्याला जुन्या बनियनच्या चिंधीत चेन धरून पेडल हळू उलटे फिरवावे. काळा थर निघाला, की प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडावा. हे रात्री करावे, म्हणजे तेल आत मुरते. सकाळी बाहेरचे तेल कोरडे पुसून काढावे. ही शेवटची पायरी बहुतेकजण गाळतात. पण बाहेरच्या तेलाचा उपयोग शून्य, ते फक्त धूळ गोळा करते.

तेल कोणते? उत्तरेच्या कोरड्या धुळीत पातळ, सुकणारे वंगण बरे, तर पावसाळ्यात दाट आणि पाण्याला न जुमानणारे. शिलाई मशीनचे तेल अडीअडचणीला चालते, मात्र लवकर उडून जाते. इंजिन ऑइल धूळ ओढते. खोबरेल नकोच, दिल्लीच्या जानेवारीत ते बाटलीतच गोठते तर चेनवर काय करणार? पावसात भिजून आल्यावर तेवढ्यापुरती तरी चेन पुसून तेल द्यावे, एका रात्रीत तांबूस दिसू लागते.

घाण फार साचली, तर चेन डिझेलमध्ये बुडवून ब्रशने धुता येते. हे उघड्यावर करावे, स्वयंपाकघरात गॅसजवळ मुळीच नाही, आणि पेट्रोल तर वापरूच नये. गंज काढायची आम्लाची द्रव्येही टाळा, त्यांनी कड्यांना तडे जातात. आणखी एक, चेन फिरत असताना घरातली लहान मुले जवळ नकोत. चेन आणि चक्र यांच्यामध्ये बोट सापडले, तर ते क्षणात कापले जाते.

पुन्हा काला अंब

तीन वाजता आम्ही उग्राखेडी गावाजवळच्या त्या आवारात पोहोचलो. विटांचा स्तंभ, त्यावर लोखंडी दांडा, भोवती कुंपण. रणावर सांडलेल्या रक्ताने ज्याची फळे काळी पडली अशी आख्यायिका आहे, ते आंब्याचे झाड आता नाही. कोल्हापूरकडची काही मंडळी फुले वाहत होती. भाचा गुडघ्याला रुमाल बांधून लंगडत आला आणि बराच वेळ स्तंभासमोर उभा राहिला. कोणीतरी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला.

पुढच्या रविवारी आम्ही मागची आठही चक्रे बदलून घेतली. चेन नवीच होती, ती राहिली. चेनपेक्षा चक्रांना तिपटीहून जास्त पैसे पडले आणि त्यातले निम्मे त्याने आपल्या खाऊच्या पैशातून दिले. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आता दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या चौकोनात त्याच्या अक्षरात "चेन" असे लिहिलेले असते, आणि माझी स्टीलची पट्टी माझ्या टेबलावर क्वचितच सापडते.