उतार

मराठीत ‘उतार’ म्हणजे जमिनीचा ढाळ. पूर ओसरला तरी उतारच पडतो, आणि नदी पायी ओलांडायच्या जागेलाही उतारच म्हणतात. मोहगावच्या पाण्यावर नाव कुठे चालेल, हे समजायला हे तिन्ही अर्थ हवेत.

सौंसरजवळच्या या मोहगावात सर्पा नदीकाठी अर्धनारीश्वराचं देऊळ आहे. नदी नाव चालवण्याजोगी नाही. शेजारच्या पांढुर्ण्याची जामही तशीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, गोटमारीसाठी तिच्या पात्रात मधोमध पळस रोवतात आणि माणसं पाण्यात उतरून त्यावरचा झेंडा गाठतात. जिथे माणूस उभा राहतो तिथे भरली नाव टेकायची भीती. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणलोट छोटा, ढाळ जास्त. पाऊस आला तसा वाहून जातो.

इथलं पाणी कन्हानला मिळतं. पेंच पोटात घेऊन कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते. पुढे वर्धा मिळाली की नाव प्राणहिता, आणि सिरोंचाजवळ गोदावरी. सौंसर साधारण साडेतीनशे मीटर उंचीवर. वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण भरलं की पाणी २४५.५ मीटरवर असतं, सिरोंचाखालच्या मेडीगड्डा बंधाऱ्याची ठरलेली पातळी १०० मीटर. मधलं अंतर अडीच-तीनशे किलोमीटर, म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम अर्धा मीटर ढाळ.

एवढी संथ नदी नावेला बरी वाटते. पण वेग मंदावला की नदी रेती खाली टाकते. पात्र पसरतं, पाणी रुंदीत वाटलं जातं आणि खोली जाते. ढिवराच्या डोंग्याला त्याचं काही वाटत नाही, थोड्या पाण्यावरही तो सरकतो. कापसाच्या गाठी भरलेल्या पडावाला मात्र सगळ्या वाटेवर सारखी खोली लागते. मधे एक जागा उथळ निघाली तरी खेप अडली.

असा कापूस नदीने नेण्याचा प्रयोग खरोखर झाला होता. गोदावरीवरचा धवळेश्वरमचा बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटनला वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस गोदावरीने समुद्रावर न्यायचा होता. वाटेत खडकांचे तीन आडवे पट्टे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि तिसरा वर प्राणहितेत. उपाय असा, की खडकाच्या वर बंधारा घालून पाणी अडवायचं, बाजूने कालवा काढायचा आणि कालव्यात दोन दरवाज्यांचा हौद बांधायचा. नाव हौदात आली की मागचं दार लावायचं, पाणी हळूहळू सोडायचं. नाव पाण्याबरोबर खाली बसते, मग पुढचं दार उघडायचं. खडकाचा उतार असा पायरीपायरीने उतरायचा. दुम्मागुडेमला बंधारा उभाही राहिला. पण खडक टाळता आला तरी उन्हाळ्याचं काय? तेव्हा नदीतच पाणी नसे. त्यात १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये काम बंद पडलं.

२०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात १११ जलमार्ग आहेत. त्यांत वैनगंगा-प्राणहिता आहे, आणि चक्क नागपूरची नाग नदीसुद्धा! यादीत नाव आलं म्हणून पात्रात पाणी येत नाही, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

आज बारमाही खोली दिसते ती आंभोऱ्याला, गोसीखुर्दच्या फुगवट्यात. मोहगावचं पाणी तिथे थांबतं, तुंबतं, त्यावर नावा फिरतात. धरणाला ३३ दरवाजे आहेत. पाणी त्यांतून पुढे जातं. नावा अलीकडेच राहतात.