घटस्थापना आणि दारांत उभी असलेली बाई

आश्विन शुद्ध प्रतिपदेस महाराष्ट्रांत घरोघर घट बसतात. पत्रावळीवर किंवा टोपलींत शेतांतली काळी माती पसरावयाची, तींत गहूं, जोंधळा यांसारखीं सात किंवा नऊ धान्यें पेरावयाचीं, मध्यें पाण्यानें भरलेला मातीचा घट ठेवावयाचा, त्यावर विड्याचीं पानें व नारळ, वर रोज एक माळ, आणि शेजारीं नऊ अहोरात्र तेवणारा नंदादीप. विधि तो एवढाच. कोणाच्या कुळाचारांत माळ कारळ्याच्या फुलांची, कोणाच्या झेंडूची. पण माती, पाणी आणि बीं यांवांचून घट बसत नाहीं.

ह्याचा अर्थ सांगावयास शास्त्री नको, शेतकरी पुरे. आश्विनांत खरीप हाताशीं आलेला असतो आणि रब्बीची पेरणी तोंडावर असते. अशा वेळीं घरचें बीं मूठभर मातींत टाकून नऊ दिवस पाहिलें, म्हणजे कोणतें जोमानें उगवतें व कोणतें कुजतें हें सहज कळतें. दसऱ्यास ते कोंब (उन्हावांचून वाढल्यामुळें पिवळे राहिलेले) टोपींत वा पागोट्यांत खोवणारा कुणबी देवीचा प्रसाद मिरवीत असतो, आणि आपल्या बियाण्याचा पुरावाहि. घट म्हणजे गर्भाशय, भोंवतालची माती ती भूमाता आणि दिवा म्हणजे जीव, असा अर्थ लावितात. तो आम्हांस पटतो. येथें पूजा होते ती सृजनाची, आईपणाची. कोणाच्या पत्नीपणाची नव्हे.

एवढें मान्य असेल तर पुढचा प्रश्न टाळतां येत नाहीं. ज्या घरीं घट बसतो त्याच घरीं पुष्कळदां एक बाई असते. नवऱ्यामागें तिनें मुलें वाढविलेलीं असतात, शेत राखलेलें असतें, आणि पत्रावळीवर पडावयाचें तें बींहि राख चोळून तिनेंच गाडग्यांत जपलेलें असतें. घट बसतांना मात्र ती स्वयंपाकघराच्या दारांत उभी! ओटी भरावयाची सवाष्णीनें, हळदकुंकूं सवाष्णीस, जेवावयास सवाष्ण व कुमारिका. हिच्या वांट्यास पुरण वाटणें. शेतांत पेरण्यास तिचा हात चालतो. पत्रावळीवर चालत नाहीं. हा न्याय कोणत्या देवीचा?

नवरात्रांत जिचा पाठ होतो ती सप्तशती मार्कंडेय पुराणांतली. तिच्या अकराव्या अध्यायांत देव स्तुति करितात आणि जगांतील समस्त स्त्रिया हीं देवीचींच रूपें होत असें सांगतात. समस्त, सवाष्णींपुरतें तें म्हणणें राखून ठेविलेलें नाहीं. महिषासुराशीं झुंजणारी देवी सर्व देवांच्या तेजांतून प्रकट झालेली. रणांगणांत तिच्या शेजारीं कोणी पति उभा नाहीं. लोकाचार तर पोथीच्याहि पुढें गेला आहे. कोल्हापूर-सांगलीकडचे लोक कर्नाटकांतील सौंदत्तीस रेणुका-यल्लमेच्या दर्शनास जातात. तेथें देवीच्या वैधव्याची पौर्णिमाच पाळली जाते. मार्गशीर्षांतल्या त्या दिवसास रांडाव पुनव म्हणतात. नांव कठोर आहे. पण विधवा झाली म्हणून देवीचें देवपण गेलें, असें समजून कोणी डोंगर उतरून माघारीं येत नाहीं. देवीस जी सवलत, ती घरच्या आईस कां नसावी?

अहिल्याबाई होळकरांस १७५४ सालीं वैधव्य आलें. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनीं राज्य केलें आणि काशीविश्वेश्वराचें देऊळ पुन्हा उभें केलें. देऊळ बांधावयास जो हात शुभ, तो नारळास कुंकूं लावावयास अशुभ, हें तर्कशास्त्र आम्हांस उलगडत नाहीं.

कोणी म्हणेल, हें सारें जुनें झालें. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, आणि धोंडो केशव कर्व्यांनीं विधवेशीं विवाह केला तो १८९३ सालीं. जुनें झालें असतें तर २०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवाच्या ग्रामपंचायतीस कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें बंद करण्याचा ठराव करण्याची गरज पडली नसती. ठराव झाला, त्याच महिन्यांत सरकारनें इतर ग्रामपंचायतींसहि तोच कित्ता गिरविण्यास सांगितलें, हें उत्तमच. परंतु ठराव चावडीवर होतो, घट माजघरांत बसतो. आणि माजघरांत ग्रामसेवक येत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. "आम्ही बोलावितों हो, पण त्याच पुढें येत नाहींत." येणार कशा? वर्षानुवर्षें जिला आपली सावली आडवी येऊं नये म्हणून भिंतीशीं सरकावयास शिकविलें, तिनें एका हांकेसरशीं पाटावर येऊन बसावें काय? शिवाय हांकहि बहुधा पुरुषाची असते, आणि घरांतल्या दुसऱ्या बायका त्या वेळीं एकमेकींकडे पाहत असतात. ह्या कामीं पहिलें पाऊल घरच्या सवाष्णीनेंच टाकावें असें आम्हांस वाटतें. हळदकुंकवाचें तबक फिरतांना सुनेनें प्रथम सासूच्या कपाळास बोट लावावें, मग शेजारणींच्या. कोणी नाक मुरडलें तर मुरडूं द्यावें. आणि प्रतिपदेस सकाळीं माती चाळून झाली, म्हणजे कोणतें बीं घ्यावें, कोणतें टाकावें, हें तिलाच विचारून मूठ तिच्या हातीं द्यावी.