ॲनिमेशन स्टुडिओतली इंटर्नशिप : आठ गैरसमज आणि वस्तुस्थिती

ॲनिमेशनमध्ये जायचंय असं म्हणणारी मुलंमुली आता बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरातही भेटतात. हातात कला असते, मोबाइलवर शिकायची सोय असते. पण स्टुडिओत शिरायचं कसं, याबद्दलची माहिती मात्र ऐकीव असते. कुणी सांगतं आधी लाखांची फी भर, कुणी म्हणतं ओळख लाव, कुणी म्हणतं भारीतला कॉम्प्युटर घे. चांगल्या स्टुडिओत इंटर्नच्या जागा थोड्या आणि अर्ज भरपूर, त्यामुळे चुरस खरीच आहे. पण ही चुरस कशावर ठरते हे एकदा कळलं की बरीचशी भीती निघून जाते. ती ठरते तुम्ही आजवर केलेल्या कामावर. ते काम बदलापूर गावातल्या घरात बसूनही होतं. फक्त अर्जाच्या सहा-आठ महिने आधी सुरू करावं लागतं.

गैरसमज १ : नावाजलेल्या संस्थेचं सर्टिफिकेट असेल तरच दार उघडतं.

वस्तुस्थिती : आपल्याकडचं ॲनिमेशन काम करता करता शिकलेल्या माणसांनी उभं केलं आहे. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला, तेव्हा डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स तिथल्या कलाकारांना शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन मूळचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी. पुढे याच राम मोहन यांच्या स्टुडिओत गीतांजली राव ॲनिमेशन शिकल्या. त्यांनी जे. जे.मधून उपयोजित कलेचं शिक्षण घेतलं होतं. ॲनिमेशनचे धडे मात्र स्टुडिओतल्या टेबलावर गिरवले. त्यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’ या लघुपटाला २००६ मध्ये कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये पुरस्कार मिळाले.

याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी असा नाही. अहमदाबादची एनआयडी किंवा पवईच्या आयआयटीतलं आयडीसी या डिझाइनच्या संस्थांत शिकायला मिळणं ही मोठी संधी आहे. एनआयडीची डॅट आणि आयडीसीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची सीड या परीक्षा चित्र आणि विचार दोन्ही तपासतात. खासगी क्लासबद्दल मात्र डोळे उघडे ठेवावेत. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ ही जाहिरात वाचून फी भरू नका. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या रील, म्हणजे निवडक कामाच्या छोट्या चित्रफिती, दाखवा म्हणावं, आणि त्यांपैकी दोघातिघांशी स्वतः बोलावं.

गैरसमज २ : सॉफ्टवेअर आलं की ॲनिमेशन आलं, आणि त्यासाठी महागडं मशीन लागतं.

वस्तुस्थिती : सॉफ्टवेअर हे अवजार आहे. स्टुडिओ आधी पाहतो ते तुम्हाला हालचाल कळते का. त्याची सगळ्यात जुनी परीक्षा म्हणजे उसळणारा चेंडू.

चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं लागतात. चेंडू उसळून वर पोचतो तिथे त्याचा वेग मंदावतो, म्हणून तिथली चित्रं एकमेकांच्या अगदी जवळ येतात. खाली येताना वेग वाढतो, तशी चित्रांमधली अंतरंही वाढतात. प्रत्येक टप्प्याला उंची कमी होते आणि दोन टप्प्यांमधला वेळही कमी होतो. आता टेनिसचा चेंडू, क्रिकेटचा लेदरचा चेंडू आणि हवा भरलेला फुगा, असे तीन साधे गोल काढा. रंग न देता, निव्वळ उसळीवरून कोणता कोणता हे पाहणाऱ्याला ओळखता आलं, तर तुम्हाला वजन दाखवता येतं. हे तीन गोल नीट जमले तर अनुभवी ॲनिमेटरला पाच सेकंदांत कळतं, आणि नाही जमले तरी तितक्याच लवकर कळतं.

दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली ती काड्या एकेक करून सरकवत, प्रत्येक वेळी एकेक चौकट टिपून. अंबरनाथच्या विम्को नाक्याला ज्या कारखान्यावरून नाव पडलं, तिथे आगपेट्याच बनत. मोबाइल स्टँडवर पक्का बसवा, वीसेक काड्या घ्या आणि स्टॉप-मोशनचं एखादं मोफत ॲप; एवढ्यावर आजच सुरुवात करता येते. पुढच्या टप्प्याला ब्लेंडर, क्रिटा, ओपनटून्झ ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच तयार झाला आहे.

गैरसमज ३ : ॲनिमेशन हे एकच काम, अर्ज केला की कुठेतरी बसवतील.

वस्तुस्थिती : स्टोरीबोर्ड, पात्ररचना, पार्श्वचित्र, लेआउट, मॉडेलिंग, रिगिंग, ॲनिमेशन, लायटिंग, कंपोझिटिंग, प्रॉडक्शन ही सगळी वेगवेगळी खाती आहेत आणि प्रत्येक खात्याचा माणूस वेगळ्या गोष्टी तपासतो. ‘मला सगळं येतं’ असं लिहिलेल्या अर्जाचं काय करायचं, हे कुणालाच कळत नाही. एक खातं निवडा, दुसरं जोडीला सांगा.

स्टुडिओही सगळे सारखे नसतात. मुंबईतल्या पेपरबोटमध्ये ‘बॉम्बे रोझ’ घडला तो चौकटीमागून चौकट हाताने रंगवून. स्टुडिओ ईक्सॉरसचा ‘टोकरी’ स्टॉप-मोशनचा. वैभव स्टुडिओजचं ‘लँपुट’ टूडी, आणि कॉसमॉस-मायाचं ‘मोटू पतलू’ थ्रीडी. ज्या स्टुडिओला लिहायचं त्याचं काम आधी नीट पाहा आणि आपली कामं त्यानुसार निवडा. थ्रीडी मॉडेलिंगची रील हाताने रंगवणाऱ्या स्टुडिओला पाठवली, तर ती कितीही चांगली असली तरी तिथे तिचा उपयोग नसतो.

गैरसमज ४ : रील जितकी लांब, तितकी छाप जास्त.

वस्तुस्थिती : नवख्याची रील एका मिनिटाची पुरे. पाहणाऱ्यापुढे अशा ढीगभर रील असतात, आणि पहिल्या दहा सेकंदांत तिने पकड घेतली नाही तर तो पुढे जातो. म्हणून सगळ्यात चांगला तुकडा सगळ्यात आधी ठेवा. कच्चा तुकडा ‘मेहनत दिसावी’ म्हणून घालू नका. रीलची पातळी तिच्यातल्या सगळ्यात कच्च्या तुकड्यावरून मोजली जाते.

सुरुवातीला आणि शेवटी नाव, खातं आणि ईमेल द्या. फिरत्या लोगोची लांबलचक सुरुवात आणि कानठळ्या बसवणारं संगीत टाळा. बरेच जण आवाज बंद करूनच पाहतात. सोबत एका पानाची यादी जोडा : कोणत्या तुकड्यात तुम्ही नेमकं काय केलं. पात्राचं रिग (हलवण्यासाठीचा तयार सांगाडा) इंटरनेटवरून मोफत घेतलं असेल तर तसं लिहा. गटात केलेलं काम असेल तर आपला वाटा सांगा. एआयने काढलेलं चित्र स्वतःचं म्हणून दाखवू नका. हे क्षेत्र लहान आहे, माणसं एकमेकांना ओळखतात. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवलं की ते फार काळ लपत नाही.

गैरसमज ५ : आवडत्या ॲनिमेची हुबेहूब नक्कल केली की कौशल्य दिसतं.

वस्तुस्थिती : नक्कल करून हात बसतो, त्यामुळे सरावाला ती चांगली. पण पोर्टफोलिओत स्टुडिओला तुमचं निरीक्षण हवं असतं : माणूस उभा राहतो तेव्हा भार कोणत्या पायावर असतो, ओझं उचलताना खांदा कसा झुकतो, म्हातारी व्यक्ती पायरी चढताना आधी काय करते.

त्याची शाळा आपल्या दारात आहे. अंबरनाथचं शिवमंदिर शिलालेखानुसार शके ९८२ मधलं, म्हणजे इसवी सन १०६० चं. त्याच्या बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्तींची कंबर, मान, गुडघा तीन दिशांना वळलेले दिसतात. शरीराची लय एका रेषेत पकडायला याहून चांगला सराव नाही. त्याच भिंतीसमोर सकाळी आणि संध्याकाळी बसलं की उजेड-सावलीचा अभ्यासही होतो. बदलापूर स्टेशनवर गाडीची वाट पाहणारी माणसं जागेवर फार थांबत नाहीत, म्हणून तिथे अर्ध्या मिनिटाची जलद रेखाटनं करावीत. उल्हास नदीच्या काठावर पाणी आणि झाडं आहेत. रोज दोन पानं भरली तर सहा महिन्यांत निवडून पाठवण्याजोगी दहा-बारा पानं नक्की निघतात.

गैरसमज ६ : अर्जाचं पत्र भारदस्त इंग्रजीत हवं.

वस्तुस्थिती : पत्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच जातं, पण ते साधं आणि आठ-दहा ओळींचं असावं. विषयाच्या ओळीत नाव, खातं आणि ‘इंटर्नशिपसाठी अर्ज’ एवढंच. मजकुरात आपण काय शिकतो, कोणत्या महिन्यापासून किती महिने मोकळे आहोत, या स्टुडिओचं कोणतं काम पाहून लिहावंसं वाटलं आणि रीलची लिंक.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो लिंकमध्ये. ड्राइव्हवरची फाइल परवानगी मागत असेल तर समोरचा माणूस ती मागत बसत नाही, पुढचा अर्ज उघडतो. पाठवण्याआधी मित्राच्या मोबाइलवर लिंक उघडून पाहा. एकच पत्र वीस स्टुडिओंना एकाच वेळी, सगळ्यांचे पत्ते दिसतील असं पाठवू नका. दोन-तीन आठवड्यांनी एकदा नम्रपणे विचारावं. त्याहून जास्त पाठपुरावा त्रासदायक होतो.

गैरसमज ७ : बदलापूरहून जमत नाही, ओळखी मुंबईतल्यांच्याच असतात.

वस्तुस्थिती : प्रवास दमवणारा आहे, हे मान्य. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे, आणि बरेच स्टुडिओ अंधेरी, गोरेगाव, मालाडच्या पट्ट्यात. घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी गाठता येतं, किंवा दादरला गाडी बदलता येते. तरी जाऊन-येऊन चारेक तास धरूनच चाला. म्हणून मुलाखतीतच विचारा : कामाची वेळ काय, आठवड्यातले काही दिवस घरून चालेल का. हा प्रश्न विचारल्याने कुणी नाकारत नाही, आणि नंतर अर्ध्यावर सोडण्यापेक्षा तो आधी विचारलेला बरा.

ओळखी जन्मजात नसतात, जोडाव्या लागतात. मुंबईतली टासी ही ॲनिमेशनवाल्यांची संस्था कार्यक्रम घेते. मिफ हा मुंबईचा महोत्सव माहितीपट आणि लघुपटांइतकाच ॲनिमेशनचाही आहे. २८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन. त्या सुमाराला ठिकठिकाणी चित्रपट दाखवले जातात. पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात, आता एनएफडीसीकडे असलेल्या जागेत, २०२५ मध्ये आयआयसीटी ही ॲनिमेशनसारख्या कामांचं शिक्षण देणारी नवी संस्था सुरू झाली आहे. अशा ठिकाणी जा, आपलं काम दाखवा आणि ‘यात काय सुधारू?’ एवढं विचारा. नोकरी मागण्याआधी मत मागितलं की लोक मनापासून बोलतात.

गैरसमज ८ : शिकायला मिळतंय, मग पैसे न मिळाले किंवा आपणच भरावे लागले तरी काय हरकत?

वस्तुस्थिती : हरकत आहे. इंटर्नशिप देण्यासाठी ‘डिपॉझिट’ किंवा ‘ट्रेनिंग फी’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. तो व्यवहार क्लासचा असतो, कामाचा नव्हे. विद्यावेतन किती, काम कोणतं, मुदत किती, शेवटी प्रमाणपत्र मिळेल का, हे सगळं लेखी घ्या. निवडीआधी छोटी चाचणी देणं रास्त आहे. पण ‘टेस्ट’ म्हणून ग्राहकाचं अख्खं काम फुकट करून घेतलं जात असेल तर तिथून निघा. बिनपगारी काम बदलापूरच्या मुलाला दुहेरी महाग पडतं, कारण पास आणि डबा आईवडिलांच्याच खिशातून जातो.

आपल्या बाजूनेही एक नियम पाळायचा. स्टुडिओत केलेलं काम प्रदर्शित होण्याआधी रीलमध्ये किंवा इन्स्टाग्रामवर टाकायचं नाही. गोपनीयतेच्या करारावर सही असते. तो मोडला तर पुढची दारं बंद होतात.

नकार येतील, आणि बरेचदा उत्तरच येणार नाही. त्याचं कारण नेहमी तुमचं काम नसतं. कधी त्या महिन्यात स्टुडिओकडे प्रकल्पच नसतो. सहा महिन्यांनी नव्या रीलसह त्याच ठिकाणी पुन्हा लिहायला काहीच हरकत नाही, आणि दोन्ही रीलमधली वाढ पाहणाऱ्याच्या नजरेत भरते.

शेवटी पालकांना एक कळकळीचं सांगणं. मोठी फी भरण्याआधी मुलीला किंवा मुलाला तीन महिने द्या : रोज दोन पानं रेखाटन, आठवड्याला एक छोटा ॲनिमेशन तुकडा, सगळं मोफत अवजारांवर. तीन महिन्यांनंतरही त्या वहीकडे ओढीने जाणारं मूल या क्षेत्रात टिकेल, आणि तेव्हा भरलेली फी वाया जाणार नाही. ज्याला कंटाळा आला त्याचेही पैसे आणि वर्षं वाचतील. आणि ज्याची वही भरली, त्याचा अर्ज तोवर निम्मा तयार झालेला असेल.