आधी थक्क करा, मग तिकीट विका

जादूच्या प्रयोगाची खरी जाहिरात थिएटरबाहेर, भर गर्दीत होते. हा मंत्र जुना आहे. दुबईने त्याला गगनचुंबी उंची दिली.

● जादूगार हूदिनी : प्रयोगाच्या गावी वृत्तपत्राच्या इमारतीवरून उलटे लटकून बंधनातून सुटका. खाली हजारोंची गर्दी, दुसऱ्या दिवशी ठळक बातमी.

● १९८३, न्यूयॉर्क : जादूगार डेव्हिड कॉपरफील्डने टीव्हीवर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा 'गायब' केला.

● २०००, आग्रा : जादूगार पी. सी. सरकार (ज्युनियर) यांनी ताजमहाल काही क्षण 'अदृश्य' केला.

● २०२१, दुबई : एमिरेट्स विमान कंपनीच्या जाहिरातीत हवाईसुंदरीच्या वेशातली स्कायडायव्हर निकोल स्मिथ-लुडविक ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफाच्या टोकावर उभी राहिली. अनेकांना तो संगणकाचा खेळ वाटला. कंपनीने चित्रीकरणाची पडद्यामागची दृश्ये दाखवली आणि चर्चा आणखी वाढली. २०२२च्या जाहिरातीत तिच्या पाठीमागून ए-३८० विमान गेले.

● २०२३, दुबई : बुर्ज खलिफाशेजारी खोक्यातून बाहेर पडणारी अजस्र बार्बी मात्र निव्वळ संगणकनिर्मित होती. तरीही 'बार्बी' चित्रपटाची हवा झाली.

● नियम : अमिरातीत जादूटोणा आणि भोंदूगिरी हा गुन्हा आहे. रंगमंचावरची जादू ही करमणूक. दुबईत अशा कार्यक्रमाला आधी अधिकृत परवाना लागतो.

आयोजकांसाठी : सुरक्षेत तडजोड नको. दैवी शक्तीचा दावा तर कधीच नको. 'हे कसं केलं?' हा प्रश्न ज्याला पडतो, तोच प्रेक्षक तिकीट काढतो.